जेम्स हेरियट : गोठ्यातला डॉक्टर, पन्नाशीतला लेखक

यॉर्कशायरमधील गुरांचे डॉक्टर आणि लेखक जेम्स हेरियट यांच्यावर मागील अंकात आम्ही एक छोटे टिपण छापले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांतील सारखे प्रश्न एकत्र करून ते येथे दिले आहेत. उत्तरे आमच्या पशुसंवर्धन स्तंभाच्या लेखकाने दिली असून ते सरकारी पशुवैद्यकीय सेवेतून निवृत्त झालेले आहेत.

प्रश्न : हेरियट यांच्या पुस्तकांना कोणी आत्मकथन म्हणते, तर कोणी कादंबरी. त्यांचे ‘डॅरोबी’ हे गाव मला नकाशावर सापडले नाही. मग यातले खरे किती आणि रचलेले किती? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : नकाशावर ते सापडणार नाही, कारण डॅरोबी नावाचे गावच नाही. तसेच जेम्स हेरियट नावाचा पशुवैद्यही नव्हता. लेखकाचे खरे नाव जेम्स आल्फ्रेड वाइट असे होते आणि घरचे लोक त्यांना आल्फ म्हणत. त्यांचा जन्म ३ ऑक्टोबर १९१६ रोजी इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील संडरलँड या जहाजबांधणीच्या शहरात झाला. मात्र ते अवघे काही आठवड्यांचे असतानाच कुटुंब स्कॉटलंडमधील ग्लासगोला गेले आणि त्यांचे सारे बालपण व शिक्षण तेथेच झाले. ज्या माणसाने यॉर्कशायरचा शेतकरी जगभर पोचवला, तो स्वतः शेतकऱ्याच्या घरातला नव्हता आणि यॉर्कशायरचाही नव्हता. वडील जहाजाच्या गोदीत काम करीत आणि मूकपटांच्या काळात चित्रपटगृहात पियानो वाजवीत. आई गायिका होती. गाईच्या कासेला हात लावण्याचा प्रसंग ज्याच्यावर कधी आला नव्हता, असा हा शहरी मुलगा होता आणि त्याच्या पुस्तकांतील बराचसा विनोद या अंतरातूनच जन्माला आला आहे.

ग्लासगोच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून डिसेंबर १९३९ मध्ये पदवी घेतल्यावर त्यांनी काही महिने संडरलँडमध्ये काम केले. जुलै १९४० मध्ये ते थर्स्क या बाजाराच्या गावी २३, कर्कगेट या पत्त्यावरील दवाखान्यात डोनाल्ड सिंक्लेअर यांचे सहायक म्हणून रुजू झाले आणि पुढचे सारे आयुष्य त्यांनी त्याच परिसरात घालवले. पुस्तकात मात्र नवा डॉक्टर डॅरोबीला १९३७ साली येतो. तीन वर्षांची ही सरकवासरकव लहान वाटली तरी लेखकाच्या दृष्टीने ती फार मोलाची आहे. १९४० च्या जुलैत ब्रिटन युद्धात पुरते बुडालेले होते, तर १९३७ साली आरंभ केल्यामुळे लेखकाला शांततेची दोन वर्षे मिळाली. त्या दोन वर्षांत घोडे अजून नांगराला आहेत, औषधे अजून बाटल्यांत घोटली जात आहेत आणि तरुण डॉक्टरला फक्त गाईच्या लाथेची भीती आहे. त्यांनी हे हेतुपुरस्सर केले असावे, असे माझे मत आहे.

भूगोलही असाच जुळवलेला आहे. थर्स्क हे डोंगरातले गाव नसून सपाट शेतीच्या प्रदेशात वसलेले आहे, तर पुस्तकांत दिसणाऱ्या दगडी कुंपणांच्या उंच दऱ्या पश्चिमेला आहेत. तेथे त्यांना नेले ते क्षयरोगाच्या चाचण्यांनी. लेबर्न येथील सहकारी डॉक्टरांबरोबर सरकारी योजनेखाली दरीतल्या गोठ्या-गोठ्यांतून गुरांची तपासणी करण्याचे काम त्यांच्याकडे आले आणि तो प्रदेश त्यांच्या मनात घर करून बसला. ५ नोव्हेंबर १९४१ रोजी त्यांचा विवाह झाला, तेव्हा मधुचंद्रही त्यांनी कार्पर्बी या दरीतल्या गावी मुक्काम करून, दिवसा गुरांना ट्युबरक्युलिन टोचतच घालवला. थर्स्कमध्ये रिचमंड, लेबर्न आणि मिडलहॅम या गावांचे थोडे थोडे अंश मिसळले की डॅरोबी तयार होते.

माणसांचे म्हणाल, तर पुस्तकातील विसराळू, तापट आणि उदार सीगफ्रीड म्हणजे डोनाल्ड सिंक्लेअर, तर त्याचा उनाड धाकटा भाऊ ट्रिस्टन म्हणजे ब्रायन सिंक्लेअर. पुस्तकातील हेलन शेतकऱ्याची मुलगी आहे, परंतु प्रत्यक्षातील पत्नी जोन डॅनबरी थर्स्कमधील एका धान्य गिरणीच्या कार्यालयात सचिव होत्या. शिवाय १९५० आणि १९६० च्या दशकांतील कित्येक प्रसंग मागे नेऊन युद्धपूर्व काळात बसवले आहेत. म्हणून याला आत्मचरित्र म्हणून तारखा तपासत बसू नये. प्रसंगांचे मूळ बहुतेक ठिकाणी खरे आहे, पण त्यांचा क्रम, माणसांचे चेहरे आणि संवाद रचलेले आहेत. रचना इतकी सफाईदार आहे की वाचकाला ती जाणवत नाही आणि मला ते त्यांचे सर्वांत मोठे कौशल्य वाटते.

प्रश्न : स्वतःच्या नावाने लिहायला काय हरकत होती? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : व्यवसायाच्या नियमांची हरकत होती. ब्रिटनमध्ये पशुवैद्यांचे नियमन रॉयल कॉलेज ऑफ व्हेटरिनरी सर्जन्स ही संस्था करते आणि त्या काळी डॉक्टरने स्वतःची जाहिरात करणे हा गैरवर्तनाचा प्रकार समजला जाई. खऱ्या नावाने पुस्तक काढले असते, तर त्यालाही जाहिरात ठरवता आले असते. म्हणून टोपणनाव शोधणे भाग पडले. फुटबॉलचे त्यांना अतोनात वेड होते. दूरदर्शन संचावर सामना पाहत असताना बर्मिंगहॅम सिटी संघाचा जिम हेरियट नावाचा गोलरक्षक त्यांना आवडला आणि त्याचेच नाव त्यांनी उचलले. पुढे, १९८२ साली, याच संस्थेने त्यांना आपले सन्माननीय सदस्यत्व दिले.

प्रश्न : त्यांनी पन्नाशीत लेखन सुरू केले असे आपण लिहिले होते. इतका उशीर का झाला आणि पहिल्याच प्रयत्नात यश मिळाले का? निवृत्तीनंतर लिहू इच्छिणाऱ्या माझ्यासारख्याला याचे कुतूहल आहे. (एक निवृत्त शिक्षक, अहिल्यानगर)

उत्तर : उशीर होण्याचे पहिले कारण म्हणजे काम. गुरे आणि कुत्री-मांजरे असा मिश्र व्यवसाय करणाऱ्या खेड्यातल्या पशुवैद्याला रात्र स्वतःची नसते. गाय अडली, मेंढी अडली की उठून जावे लागते आणि वसंत ऋतूत मेंढ्यांच्या विण्याचे आठवडे असे एकामागून एक येतात की झोप आणि जेवण यांचा हिशेबच राहत नाही. त्यात त्यांचा स्वभावही चालढकल करणारा होता. दवाखान्यातील गमती घरी येऊन पत्नीला सांगायच्या आणि ‘हे एक दिवस पुस्तकात घालीन’ असे म्हणायचे, हा क्रम वर्षानुवर्षे चालला. अखेर जोन यांनी त्यांना सुनावले की पन्नाशीचे डॉक्टर काही पहिले पुस्तक लिहीत नसतात. ही हकीकत ते स्वतःच मुलाखतींतून सांगत असत. त्या बोलण्याने डिवचले जाऊन त्यांनी टंकलेखन यंत्र आणले आणि १९६६ च्या सुमारास संध्याकाळी, घरच्या माणसांत, समोर दूरदर्शन संच चालू असतानाच लिहायला बसले. स्वतंत्र खोली, शांतता वगैरे अटी त्यांनी घातल्या नाहीत.

यश मात्र पहिल्या प्रयत्नात मुळीच मिळाले नाही. आरंभी त्यांनी फुटबॉल आणि इतर विषयांवर कथा लिहिल्या आणि त्या एकामागून एक परत आल्या. पुढे ते ज्या विषयातले त्यांना खरोखर कळत होते त्या विषयाकडे, म्हणजे गुरांकडे, वळले. पण तेही कादंबरीच्या रूपात होते. एका प्रकाशनसंस्थेकडे ते हस्तलिखित बराच काळ पडून राहिले आणि शेवटी, हे तृतीयपुरुषी कादंबरीऐवजी स्वतःच्या आठवणी म्हणून लिहा, अशा सल्ल्यासह परत आले. माझ्या मते हा नकार त्यांच्या आयुष्यातील सर्वांत उपयोगी पत्रव्यवहार ठरला, कारण ‘मी’ आल्याबरोबर विनोदाची दिशा बदलली. आता हसू शेतकऱ्याचे किंवा जनावराचे न होता चिखलात पडलेल्या, चुकीचे निदान करून बसलेल्या आणि मालकासमोर घाम पुसणाऱ्या डॉक्टरचे होऊ लागले.

‘इफ ओन्ली दे कुड टॉक’ हे पहिले पुस्तक १९७० साली लंडनच्या मायकेल जोसेफ या प्रकाशनसंस्थेने काढले. पहिली आवृत्ती ३,००० प्रतींची होती आणि खपही यथातथाच झाला. ‘इट शुडन्ट हॅपन टू अ व्हेट’ हे दुसरे पुस्तक १९७२ साली आले. खरे वळण अमेरिकेत आले. न्यूयॉर्कच्या सेंट मार्टिन्स प्रेसचे टॉमस मॅकॉर्मॅक यांनी दोन्ही पुस्तके एकत्र करावयाची ठरवली आणि नायकाचा विवाह होऊन पुस्तक संपेल अशी आणखी काही प्रकरणे लेखकाकडून मागून घेतली. १९७२ साली ‘ऑल क्रीचर्स ग्रेट अँड स्मॉल’ या नावाने निघालेल्या या जाड ग्रंथाने त्यांना जगप्रसिद्ध केले. तेव्हा ते ५६ वर्षांचे होते. आपण शिक्षक आहात म्हणून एवढे सुचवितो की, परत आलेल्या कथांतून त्यांनी शैली कशी सैल केली, हे पाहण्यासारखे आहे. आपले सुरुवातीचे लिखाण शाळकरी निबंधासारखे जड होते, हे त्यांनी स्वतःच मान्य केले होते.

प्रश्न : मी शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकते. हेरियट यांच्या पुस्तकांतील उपचार आज कितपत लागू आहेत? तो केवळ जुन्या काळाचा विनोद म्हणून वाचावा काय? (एक विद्यार्थिनी)

उत्तर : केवळ विनोद म्हणून वाचू नये. ज्या संक्रमणकाळात हे डॉक्टर काम करीत होते, तो पशुवैद्यकाच्या इतिहासातला सर्वांत वेगवान काळ होता आणि तुमच्या पाठ्यपुस्तकात एका ओळीत येणारे बदल त्यांनी गोठ्यात उभे राहून पाहिले आहेत.

दुग्धज्वराचेच उदाहरण घ्या. नुकतीच व्यालेली, भरपूर दूध देणारी गाय अचानक खाली बसते, मान पोटाकडे वळवते, कान थंड पडतात आणि काही तासांत मरते. नावात ज्वर असला तरी अंगात ताप नसतो. उलट शरीर थंड पडत जाते. एके काळी यावर कासेत हवा भरण्याचा उपाय करीत आणि आश्चर्य म्हणजे त्याने पुष्कळ गाई उठत. का उठत, हे कोणाला नीट सांगता येत नव्हते. १९२५ साली एडिंबरा येथे ड्रायर आणि ग्रेग यांनी असे मांडले की, दूध एकाएकी सुरू झाल्याने रक्तातील कॅल्शियम घटते आणि तेच या आजाराचे मूळ आहे. मग हवेचे कोडेही सुटले, कारण कासेत दाब निर्माण झाला की दूध तयार होणे थांबते आणि कॅल्शियमची गळती बंद होते. हेरियट यांच्या काळापर्यंत कॅल्शियम बोरोग्लुकोनेटचे इंजेक्शन रुळले होते. मेल्यासारखी पडलेली गाय ढेकर देऊन, थरथरत उठून उभी राहते आणि चार गावकऱ्यांसमोर डॉक्टरची पत वाढते, हे दृश्य त्यांच्याकडेही आहे आणि आज सांगली-साताऱ्यातील संकरित गाईंच्या गोठ्यातही आहे. फक्त बाटली शिरेतून हळूहळू सोडावी आणि हृदयावर लक्ष ठेवावे, हे तुमचे शिक्षक तुम्हाला पुन्हा पुन्हा सांगत असतील ते उगाच नव्हे. घाई केली तर गाय उठण्याऐवजी हृदय बंद पडते.

मायांग बाहेर आलेल्या गाईचेही तसेच. सुजलेले गर्भाशय आत ढकलताना डॉक्टरचे हात गळून जातात. अशा वेळी त्यावर साखर पसरली की सूज ओढली जाऊन ते आटोपशीर होते. हा उपाय तिकडच्या आणि आपल्याकडच्या जुन्या डॉक्टरांना सारखाच ठाऊक आहे आणि त्यामागचे परासरणाचे तत्त्व अजूनही बदललेले नाही.

जे बदलले ते औषधांच्या कपाटात. हेरियट शिकत होते तेव्हा जंतुसंसर्गावर खरोखर चालणारे औषध जवळजवळ नव्हतेच. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात सल्फा औषधे आली, महायुद्धानंतर पेनिसिलीन आले आणि कासदाहासाठी सडात सोडायच्या नळ्या मिळू लागल्या. त्यापूर्वीच्या डॉक्टरच्या पिशवीत काढे, भुकट्या आणि उग्र वासाची द्रावणे असत. त्यांचा गुण येवो न येवो, वासामुळे मालकाला विश्वास वाटे. हेरियट या जुन्या औषधांची थट्टा करतात, पण त्यांना तुच्छ लेखत नाहीत. नव्या औषधाने पहिल्यांदा गुण आला तेव्हा वाटलेला अचंबा ते ज्या प्रकरणांत सांगतात, ती तुमच्यासारख्या विद्यार्थ्यांनी आवर्जून वाचावीत. प्रतिजैविके सर्रास वापरण्याच्या या दिवसांत तो अचंबा आपण विसरलो आहोत.

क्षयरोगाची चाचणी हा दुसरा मोठा विषय. मानेच्या त्वचेत ट्युबरक्युलिन टोचायचे आणि तीन दिवसांनी पुन्हा येऊन त्वचेची जाडी मोजायची, एवढेच काम. पण डोंगरात मोकाट सोडलेली गुरे दोनदा गोळा करणे शेतकऱ्याला जिवावर येई आणि ज्याची दुभती गाय चाचणीत सापडे, त्याच्या पोटावर पाय येई. ही चाचणी कंटाळवाणी खरी, परंतु तिच्यामुळेच १९६० साली सारा ब्रिटन क्षयमुक्त कळपांचा प्रदेश म्हणून जाहीर होऊ शकला. पाश्चरीकरण न केलेल्या दुधातून मुलांना होणारा क्षय घटला, त्यात या खेड्यांतल्या डॉक्टरांचा वाटा मोठा आहे. लोकांना मात्र ते गंमत सांगणारे म्हणून आठवतात.

आणि एक इशारा. हेरियट यांना ब्रुसेलोसिस झाला होता. अडकलेली वार उघड्या हाताने काढण्याच्या त्या काळातील पद्धतीमुळे अनेक पशुवैद्यांना हा वारंवार उलटणारा ताप जडला. गुरांत याच रोगाने सांसर्गिक गर्भपात होतो आणि आपल्याकडे तो अजून संपलेला नाही. २०१९ पासून चार ते आठ महिन्यांच्या कालवडी व पारड्यांना राष्ट्रीय कार्यक्रमाखाली लस दिली जाते, तरी खांद्यापर्यंतचे हातमोजे न घालता वारेला हात लावण्याचे धाडस करू नका. हेरियट यांच्याकडून शिकावे असे पुष्कळ आहे, पण कंबरेपर्यंत उघडे होऊन साबणाच्या पाण्यात हात बुडवण्याची त्यांची सवय त्यात येत नाही.

प्रश्न : पुस्तके इतकी हसरी आहेत की संशय येतो. हा माणूस खरोखरच इतका आनंदी होता काय? (एक वाचक, पुणे)

उत्तर : आपला संशय योग्य आहे. त्यांचे पुत्र जिम वाइट, जे स्वतः पशुवैद्य होऊन त्याच दवाखान्यात दाखल झाले, यांनी वडिलांचे चरित्र १९९९ साली लिहिले. १९६० च्या सुमारास हेरियट यांना तीव्र नैराश्याने ग्रासले आणि त्यांच्यावर विजेचे उपचारही करावे लागले, हे त्यात नमूद आहे. घरच्यांखेरीज फार थोड्यांना याची कल्पना होती. ते दवाखान्यात जात राहिले. त्याआधी, १९४२ साली, ते हवाई दलात भरती झाले होते, परंतु एका शस्त्रक्रियेनंतर उड्डाणास अपात्र ठरून वर्षभरात परतले. त्यांच्या विवाहाला आईचा विरोध होता आणि आईवडील लग्नाला आले नाहीत, हेही त्याच चरित्रातून कळते.

यातील हवाई दलाचा भाग पुस्तकांत आला आहे. बाकीचे नाही. ते वगळल्याबद्दल काही समीक्षक त्यांना गोडबोले ठरवतात, पण मला ते मान्य नाही. त्यांच्या पुस्तकांत जनावरे मरतात, गोठा रिकामा होऊन शेतकरी देशोधडीला लागतो आणि एकटी म्हातारी माणसे आपला एकुलता एक कुत्रा डॉक्टरच्या हाती मरणासाठी सोपवतात. दुःख तेथे भरपूर आहे. ते फक्त लेखकाचे स्वतःचे नाही. स्वतःच्या दुःखाबद्दल गप्प राहून परक्याचे दुःख इतक्या बारकाईने टिपणारा लेखक अप्रामाणिक कसा म्हणावा? आणि नैराश्यातून सावरल्यानंतर पाच-सहा वर्षांनीच त्यांनी लिहायला घेतले, हा क्रमही लक्षात ठेवण्याजोगा आहे, मग त्यातून कोणी काहीही अनुमान काढो.

प्रश्न : ज्यांच्यावर लिहिले त्या सिंक्लेअर बंधूंना राग आला नाही का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : धाकट्याला आला नाही, थोरल्याला आला. ब्रायन यांना आपले ट्रिस्टनपण इतके आवडले की ते पुढे त्यावर व्याख्याने देत फिरले. डोनाल्ड यांना मात्र आपण इतके चक्रम आहोत हे पटेना आणि या पुस्तकाने मैत्रीची कसोटी पाहिली, असे त्यांनी बोलून दाखवले. गंमत अशी की, त्यांना ओळखणाऱ्या लोकांच्या मते लेखकाने डोनाल्ड यांचा विक्षिप्तपणा वाढवण्याऐवजी सौम्य करून सांगितला होता. भागीदारी मात्र टिकली.

प्रश्न : कोट्यवधी प्रती खपूनही ते खेड्यात का राहिले? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : त्यांच्या पुस्तकांच्या सुमारे सहा कोटी प्रती खपल्याचे सांगितले जाते. १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये मिळकतीवरील कराचा सर्वांत वरचा दर ८३ टक्के होता आणि अनेक श्रीमंत लेखक-कलावंत त्यासाठी देश सोडून गेले. हेरियट गेले नाहीत. ते कर भरत राहिले, कुत्र्यांना टेकडीवर फिरवत राहिले आणि बरीच वर्षे रात्रीच्या फेऱ्याही करीत राहिले. परदेशी वाचक दवाखान्याच्या दारात स्वाक्षरीसाठी रांग लावीत, परंतु स्थानिक शेतकऱ्यांना त्यांच्या लेखनाचे फारसे अप्रूप नव्हते. गाय बरी झाली की नाही, एवढेच ते पाहत, आणि हेरियट यांना ते आवडे. लहानपणापासून ज्या संडरलँड फुटबॉल संघावर त्यांचे प्रेम होते, त्याने १९९२ साली त्यांना सन्माननीय अध्यक्षपद दिले. या मानाने ते फार सुखावले. २३ फेब्रुवारी १९९५ रोजी थर्स्कजवळील थिर्ल्बी येथे, ७८ व्या वर्षी, कर्करोगाने त्यांचे निधन झाले. कर्कगेटवरील जुन्या दवाखान्यात १९९९ पासून त्यांचे संग्रहालय आहे.

प्रश्न : वाचायला सुरुवात कोणत्या पुस्तकापासून करावी? दुकानात वेगवेगळी नावे पाहून गोंधळ उडतो. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : गोंधळ स्वाभाविक आहे, कारण तीच पुस्तके ब्रिटनमध्ये सुटी आणि अमेरिकेत जोडून निघाली आहेत. ‘ऑल क्रीचर्स ग्रेट अँड स्मॉल’मध्ये पहिली दोन ब्रिटिश पुस्तके, ‘ऑल थिंग्ज ब्राइट अँड ब्यूटिफुल’मध्ये ‘लेट स्लीपिंग व्हेट्स लाय’ आणि ‘व्हेट इन हार्नेस’, तर ‘ऑल थिंग्ज वाइज अँड वंडरफुल’मध्ये ‘व्हेट्स माइट फ्लाय’ आणि ‘व्हेट इन अ स्पिन’ आहेत. तेव्हा जोडग्रंथ घेतला असेल, तर त्यातील सुटे पुस्तक पुन्हा विकत घेऊ नका. आरंभ पहिल्या जोडग्रंथापासूनच करावा. हवाई दलाच्या आठवणींत गुंफलेला तिसरा जोडग्रंथ मला तुलनेने विस्कळीत वाटतो, तो मागे ठेवला तरी चालेल. १९८१ सालच्या ‘द लॉर्ड गॉड मेड देम ऑल’मध्ये मेंढ्या घेऊन सोव्हिएत रशियाला आणि गाई घेऊन इस्तंबूलला केलेल्या प्रवासांची वर्णने आहेत. लहान मुलांसाठी हवे असेल, तर १९८४ सालचे चित्रमय ‘मोझेस द किटन’ घ्यावे. दूरचित्रवाणीवर पाहणे पसंत असेल, तर बीबीसीची १९७८ ते १९९० या काळातील मालिका आणि चॅनल ५ या ब्रिटिश वाहिनीची २०२० पासूनची नवी मालिका, अशा दोन आहेत. जुनीत गोठे अधिक खरे वाटतात.